केकमधला बदाम

दादा,

तू कामावरून येशील तेव्हा आई घरात नसेल. तिला मी माझ्याकडे नेतेय.

काल पाहुण्यांना तू आपला लहानपणीचा नाताळ किती रंगवून सांगितलास. आई केकमध्ये एकच बदाम लपवायची, ज्याला सापडेल त्याने दारावर तारा टांगायचा, आणि तो दरवर्षी तुलाच सापडायचा. सगळ्यांबरोबर मीही हसले आणि आईला केक द्यायला आत गेले. ती ओल्या चादरीवर पडली होती. डागाच्या कडा वाळून पिवळ्या पडल्या होत्या, म्हणजे ओल कालची नव्हती. पलंगाखालच्या ताटलीत भाताला हिरवी-काळी बुरशी आली होती. त्या ताटलीपेक्षा मला तुझ्या गोष्टीची जास्त किळस आली.

आई म्हणाली, “त्याला बोलू नकोस गं, दमतो तो.”

चादर बादलीत भिजवली आहे, तेवढी तू धू.

आणि बदाम नशिबाने मिळत नव्हता. तो असेल तिथे आई काडी टोचून खूण करायची आणि तो तुकडा तुला वाढायची. मला सातव्या वर्षीच कळलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले.

उरलेला केक फ्रिजमध्ये आहे. तो मी केलाय, त्यात बदाम नाही.