ओढ्याकडची बाजू

१२ नोव्हेंबर
आज रानाची वाटणी केली. हे गेले त्याला वर्ष झालं, पोरं थांबायला तयार नाहीत. आमच्यात थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला वीरेश लातूरहून आला. म्हणाला, "आई, तीस वर्षं भूमिती शिकवलीस. रेष तूच मार."
मारली! रस्त्याकडची बाजू सहाशे फूट. दोन्ही अंगांचे धुरे, म्हणजे बांध, पाचशे-पाचशे. ओढ्याकडं ऊस आडवा लोळलेला, टेप जाईना. वीरेश म्हणाला, "ती बी सहाशेच हाय की." म्हणजे समोरासमोरच्या बाजू सारख्या — समांतरभुज चौकोन. कर्ण काढला, दोन एकरूप त्रिकोण. भांडणाला जागाच नाही.

१३ नोव्हेंबर
धाकट्या श्रीशैलनं ओढ्याकडचा वाटा उचलला. गोठा तिकडंच आहे, रान तोच कसतो. वाटणीपत्रावर सह्या झाल्या.

९ जानेवारी
ऊस तुटला. श्रीशैलनं टेप लावला. ओढ्याकडची बाजू चारशे ऐंशी!
मी स्वतः दोनदा मोजली. चारशे ऐंशीच. हा समलंब चौकोन — कर्णानं निम्मा होत नाही. धाकट्याला थोरल्यापेक्षा सत्तावीस गुंठे कमी. माझ्या हातानं!
"दिसतं म्हणून धरायचं नाही, सिद्ध करा" — किती पोरांचे कान पिळले यासाठी.

११ जानेवारी
वीरेशला फोन केला. रेष बदलू म्हटलं. "वाटा त्यानंच उचललाय. आन् गणित तुझं हाय आई, माझं न्हाई."
शिवगंगा, धाकटी सून, भांडी घासता घासता — "आत्याबाई, शाळेत बी असंच शिकवलंत का?"


१५ जानेवारी
संक्रांत गेली. तिळगूळ डब्यातच.

२ फेब्रुवारी
श्रीशैल माझ्यासमोर जेवायला बसत नाही. "तुझ्यावर राग न्हाई गं," म्हणतो आणि खाली बघतो. ओरडला असता तर बरं झालं असतं! पोरानं मला माफ केलंय, हे सोसवत नाही. भूमितीची पुस्तकं रद्दीत घातली.

८ फेब्रुवारी
रीतसर आकडा हवा म्हणून निलंग्याहून खासगी मोजणीवाला बोलावला. धुऱ्यावर उभा राहून हसला. "बाई, हे रान मी गेल्या उन्हाळ्यातच मोजलंय की! वीरेशमालकांनी बोलावलं होतं. ओढ्याकडं चारशे ऐंशी."
कालपर्यंत चूक माझी होती. तेच बरं होतं.