पिवळे फोड

३ मे १७९९

चेरीच्या सडांवर फोड आलेत! सकाळी कामाची पोर केझिया धार काढायला बसली तर गाईनं लाथ मारून बादलीच उडवली. बघितलं तर कास लालभडक. केझियाच्या हातांवरही उठलेत. माझा नवरा इनॉक कपाळाला हात लावून बसला – म्हणे आता सगळा गोठा बसणार, चीज कसलं करणार! आणि मी? मी मनातल्या मनात नाचले. देव पावला!

खाली गावात देवी आल्यात. लोहाराचं एक पोर काल गेलं. चादर टाकूनच पुरलं, आईलासुद्धा तोंड बघू दिलं नाही.

माझ्या तोंडावर खड्डे आहेत. लहानपणीच येऊन गेल्या, पुन्हा येत नाहीत. पण माझी लेक लेटी! सात वर्षांची, एकुलती एक उरलेली. आणि गाईच्या देवी ज्याला झाल्या त्याला माणसाच्या होत नाहीत – आमच्या खोऱ्यात हे शेंबडं पोरही सांगेल. धारेला पोर ठेवताना आम्ही आधी तिचे हात बघतो, वण दिसले की मग नाव विचारतो. आता तर म्हणे कुणा डॉक्टरानं यावर पुस्तकही छापलंय.

४ मे

इनॉकचं पुन्हा तेच. "पार्जिटर डॉक्टरला बोलावू. माणसाच्या देवीची लस टोचू, म्हणजे सौम्य येऊन जातील. शंभरात एखादंच दगावतं."

एखादंच! ते एखादं म्हणजे आपला एमोस होता ना रे! पार्जिटरच्या टोचणीघरात त्याला सोडून आला हा. बरं होईपर्यंत आत कुणाला सोडत नाहीत म्हणे. आली ती पेटीच आली. मी म्हटलं, "तू दारातनं परत फिरलास. पोर आत बाबा-बाबा करत गेलं."

बूट चढवून गोठ्यात गेला. एवढं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

५ मे

केलं! केझियाच्या अंगठ्याजवळचा फोड रफूच्या सुईनं फोडला, लस घेतली, लेटीच्या दंडावर दोन ओरखडे काढले. कार्टी रडली नाही. उलट विचारते, "आई, मला शेपूट येणार?"

"आधी शिंगं, मग शेपूट," केझिया म्हणाली, आणि दोघी खिदळत सुटल्या.

इनॉक दाराशी हाताची घडी घालून. "बाईसाहेब डॉक्टर कधी झाल्या?"

"डॉक्टरानं काय दिवे लावले ते बघितलंय. आता आईला करू दे."

७ मे

लागली! दंड सुजलाय, पिवळा टपोरा फोड आलाय. सारखी उठून बघते. किती दिवसांनी पोटभर जेवले.

९ मे

खपलीसुद्धा धरली. ताप नाही, काही नाही.

शेजारची डॉर्कस म्हातारी आली होती. तिचा जन्म गाईंखाली गेलाय. लेटीचा दंड बघून तोंड वाकडं केलं. "इतक्यात खपली? माझे निळसर होते बाई. काखेत गाठ, अंगात ताप, आठवडा अंथरुणात. हे पिवळं कसलं? तुझ्या नवऱ्याला लहानपणी असेच आले होते. तिसऱ्या दिवशी झाडावर चढला होता!"

"मग? त्याला आल्या का कधी देवी?" मी म्हटलं.

काठी उचलून निघाली. निघणारच! इनॉकचे केस पिकायला लागले, पण तोंड अजून कसं लोण्यासारखं. याहून काय पुरावा हवा? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, दुसरं काय.

१४ मे

केझियाची आई देवीनं पडली. जवळ जायला कुणी धजेना, म्हणून केझिया निघाली. मी म्हटलं, जपून गं. "मला काय होतंय, मालकीणबाई? हे बघा माझे हात!" हात नाचवत, वाटेभर गाणं म्हणत गेली. गुणाची पोर.

१६ मे

इनॉक म्हणतो, पार्जिटरकडून लेटीला एकदा टोचून बघू. गाईची लस खरी लागली असेल तर काहीच होणार नाही. पुस्तकवाला डॉक्टरही अशीच खात्री करून घेतो म्हणे.

माझ्या हातात चीज कापायची सुरी होती. ती तशीच उगारली. "ते पातं माझ्या पोरीला लागू दे, मग बघ!"

"दुधानं तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकतेस."

पोळलंय! फुंकणार!

२९ मे

केझियाला देवी आल्या.

लोहाराची बायको कुंपणापलीकडून ओरडून सांगून गेली. आधी पाठ मोडून आली, डोकं ठणकलं, मग अंगभर फोड, डोळ्यांतसुद्धा. मी चीज दाबत होते, हात तिथेच राहिले. म्हणजे केझियाचे फोड खोटे. म्हणजे लेटीचाही. तिच्या अंगात काही नाही, उघडी आहे माझी पोर! म्हातारीनं तोंडावर सांगितलं होतं. आणि मी तिलाच गप्प केलं.

३० मे

सकाळीच इनॉकचे पाय धरले. "पार्जिटरला आण." वाटलं, आता टोमणा मारेल. मारायलाच हवा होता. नाही मारला. घोड्यावर खोगीर टाकून गेला.

तोच माणूस, तेच पातं. टोचणीघरात न्यायचं म्हणत होता. म्हटलं, नाही, इथेच, माडीवर, माझ्या डोळ्यांसमोर. मग बजावलं त्यानं – "ज्याला येऊन गेल्यात त्यानंच वर यायचं. पोरीला सौम्य येतील, पण देवी खऱ्याच. दुसऱ्याला लागल्या तर दया करत नाहीत." लस चांगली आहे वगैरे सांगायला लागला. मी म्हटलं, "बोलू नका. टोचा."

हात मीच धरला होता. या वेळी रडली.

७ जून

लेटीला ताप. चर्चची घंटा वाजली – केझिया गेली. अजून विशीची नव्हती.

८ जून

ताप चढतोच आहे. लेटी "बाबा, बाबा" करते. एमोसही असंच करत असेल. माझं डोकं फिरलं. इनॉक जिन्याखाली घुटमळत होता. वरून ओरडले, "या वेळी तरी पोरीपाशी बस! तुला कसली भीती? तुला गाईच्या येऊन गेल्यात!"

आला वर. पोरीला मांडीवर घेतलं, चमच्या-चमच्यानं जवाचं पाणी पाजलं. ती त्याच्या छातीवर डोकं टेकून झोपली. मला बघवेना, खाली येऊन रडले.

१३ जून

फोड आलेत, पण तुरळक. तोंडावर तर दोनच. पार्जिटर म्हणाला, निभावलं. जीव भांड्यात पडला! इनॉक अजून तिच्यापाशीच. लाकडाची गाय कोरून दिलीय, चेरी म्हणे. शेपूट तेवढं लेटीला आवडलं नाही.

२० जून

लेटी खाली उतरली. पाव खाल्ला, चीज खाल्लं, आणखी मागितलं! पोरीला चेरीच्या पाठीवर बसवून इनॉक अंगणात हिंडला. संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. म्हणाला, "हेस्टर, एमोसच्या वेळी मी दार मोडून आत जायला हवं होतं." मी त्याचा हात हातात घेतला. एमोस गेल्यापासून पहिल्यांदा. म्हटलं, "या वेळी आलास ना." मनात काही उरलं नाही माझ्या. देवाशपथ, काही उरलं नाही.

२४ जून

इनॉक गवत कापायला गेला नाही. पाठ मोडून येतेय म्हणतो, डोकं ठणकतंय. "विळा फार चालवला गं," म्हणाला आणि हसला.

त्याचेही पिवळेच होते. माडीवर मीच बोलावलं.