कुंकवाखालची ओळ

२ जानेवारी
पत्रिका छापून आल्या. दादांनी प्रेसवाल्याला सांगून कंपनीचं नाव एवढं ठळक करून घेतलंय की बघणाऱ्याला वाटावं माझं लग्न कंपनीशीच लागतंय. त्याच्या वर बारीक अक्षरात ग. (पूर्ण नाव लिहायला अजून लाज वाटते, इथेसुद्धा.) मी म्हटलं, दादा, नवरदेवाचं नाव मोठं पाहिजे होतं. तर म्हणाले, नाव काय, कुणाचंबी असतं. अशी नोकरी वालुरात कुणाच्या जावयाला हाय सांग.
बाप स्वतः शेतकरी, पण पोरीसाठी शेती करणारं एक स्थळ उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

५ जानेवारी
शाळेची मधली सुट्टी. ग. चा पुण्याहून फोन. नोकरी गेली.
काल सकाळी मीटिंगला बोलावलं, जगभर मंदी आहे, माणसं कमी करावी लागताहेत, असं काहीतरी इंग्रजीत वाचून दाखवलं आणि समोरचा चहा संपायच्या आत लॅपटॉप बंद पडला. टीममधले निम्मे गेले. पेडगावला आईवडिलांना कालच सांगितलं, आज मला. म्हणाले, "तुला मोडायचं असलं तर मोड. मी तुला कधी नावं ठेवणार नाही." मला तर रागच आला. एवढं मोठं कुणी मधल्या सुट्टीत विचारतं का.
घंटा झाली. चौथीला भागाकार शिकवला. फळ्यावरची गणितं मीच चुकवली.

६ जानेवारी
मी माणसाशी लग्न करतेय, नोकरीशी नाही, असं लिहायला छान वाटतं. पण थोडं नोकरीशीही करत होतेच की. पुण्यातल्या दोन खोल्या, गॅलरीत तुळस, संध्याकाळी दोघांनी भाजी आणायला जायचं... सगळा संसार मनात मांडून झाला होता.
आणि साखरपुड्यात त्यांनी हळूच विचारलं होतं, तिकडे आल्यावर शिकवणं सोडणार नाहीस ना? असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते आठवलं की बाकीचं विसरायला होतं. मग परत आठवतं.
संक्रांत झाली की हुरड्याला येणारच आहेत. तेव्हा दादांना समोर बसून सांगणार. तोवर मी गप्प.

९ जानेवारी
पारावर निवडणुकीची सभा. दादा भाऊसाहेबांच्या प्रचारात आहेत. भाऊसाहेब म्हणाले, निवडून आलो की घरटी एक नोकरी. मागच्या वेळी दुसऱ्यांनी हेच सांगितलं होतं. माइकवालाही तोच.
मग दादांनी सगळ्यांसमोर त्यांना पत्रिका दिली. त्यांनी ती उंच धरली. "ह्या गावचा जावई एवढ्या मोठ्या कंपनीत हाय. जावईबापूला संगं घेतो अन् ती कंपनीच आपल्या माळावर आणतो." टाळ्या थांबेनात. दादांची मान अशी ताठ मी कधी बघितली नव्हती. मीही टाळ्या वाजवल्या.

११ जानेवारी
कालपासून गावातली पोरं बायोडाटा घेऊन दारात. जावयाला द्या म्हणतात. दादा एकेकाला चहा पाजतात आणि कागद कापडी पिशवीत नीट ठेवतात. पिशवी फुगली.
फोनवर ग. ना सांगितलं. घाबरले असतील असं वाटलं, तर हसायला लागले. "माझापण एक टाक त्यात." मीही हसले.
हा माणूस माझा आहे, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१३ जानेवारी, भोगी
बाजरीची भाकरी, तीळ लावून. थापता थापता आईला सांगून टाकलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाली, "अक्षता पडंस्तोर गप ऱ्हा. मग काय करतेत?"
वाईट याचं वाटतंय की क्षणभर मलाही ते पटलं.

१४ जानेवारी
होणाऱ्या सासूबाई पेडगावहून हलव्याचे दागिने घेऊन आल्या. त्यांना ठाऊक. आईला ठाऊक. समोरचीला ठाऊक नाही असं दोघींनाही वाटतंय, म्हणून दोघी तासभर तिळाच्या भावावर बोलल्या. दादा मधूनमधून कंपनीचं काढायचे, की दोघी एकदम "गूळ घ्या की" म्हणायच्या.
दागिने घालताना सासूबाईंचा हात माझ्या गालावर जरा जास्तच थांबला.

१८ जानेवारी
हुरडा. व्हायला नको होतं तेच झालं. दादांनी भाऊसाहेबांना बोलावलेलं, ते आपली माणसं घेऊन आले, मागोमाग बायोडाटावाली पोरंही. ग. ना दादांशी एकट्यानं बोलायला सापडलंच नाही. आगटीभोवती सगळे बसले आणि भाऊसाहेबांनी विचारलं, "सांगा जावईबापू, कंपनी कवा आणायची?"
ग. उठून उभे राहिले. "मला हे दादांना एकट्याला सांगायचं होतं. कंपनीनं मला काढलंय. मीबी ह्या पोरांसारखाच काम शोधायलोय."
भाऊसाहेब म्हणाले, काळजी नको, निवडून आलो की पहिलं नाव तुमचं. मग त्यांना दुसरी सभा आठवली.
आगटीतली कणसं करपली. दादा एवढंच बोलले, "चटणी तिखट हाय. दही घ्या संगं."
ग. ना सोडायला रस्त्यापर्यंत मीच गेले. म्हणाले, चुकलं का माझं? मी म्हटलं, नाही. पण दादा...
बस आली. पुढचं राहिलं.

२० जानेवारी
दोन दिवस दादा बोलले नाहीत. आज गोठ्यात बोलावलं. मला ठाऊक होतं का? हो. आईला? हो. विहीणबाईंना? सगळ्यांच्या आधी.
"म्हंजे मीच तेवढा पत्रिका घेऊन गावभर मिरवायलो व्हतो."
हसावं की रडावं कळेना. नोकरी गेल्यापेक्षा त्यांना आम्ही लपवलेलं लागलंय. मग म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता, माझं काय म्हणणं आहे ते विचारलं. मी म्हटलं, मला तेच पाहिजेत. पण भीती वाटायलीय.
"भेव तर मलाबी हाय, बाई."
पुढे हो नाही की नाही नाही.

२२ जानेवारी
दादांनी ग. चा बायोडाटा मागवून घेतला. मी पिशवीत सगळ्यात वर ठेवायला गेले. "वर नगं. मधी घाल. ती पोरं आधी आलेली हाईत." पिशवी घेऊन भाऊसाहेबांकडे जाऊन आले. निकाल लागल्यावर बघू म्हणाले. पिशवी तिथंच खुंटीला.
लग्नाचं अजून घरात कुणी काढत नाही. उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तसाच कोनाड्यात.

२५ जानेवारी
सकाळी दादांनी गठ्ठा खाली घेतला आणि आईला हळदीकुंकवाची वाटी मागितली. आई नेहमीसारखं कोपऱ्यांना लावायला बसली. दादांनी वाटीत बोट बुडवलं आणि कोपरा सोडून थेट कंपनीच्या नावावर ओढलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक झाली, दुसरी घेतली. वर फक्त गजानन राहिलं.
लिहिलं बाई शेवटी. पूर्ण.
कुंकू वाळलं की खालची अक्षरं पुसट दिसतात. मी म्हटलं, दादा, अजून एक हात मारू? म्हणाले, दिसू दे. चोरी थोडीच हाय.
मला रडू आलं. आई म्हणाली, डोळे पूस, पत्रिका ओल्या होतील.
गजानन उद्या मुलाखतीला हैदराबादला चाललेत. फोनवर विचारलं, कंपनी कुठली? म्हणाले, नाव सांगत नाही, दादा परत छापतील.