बाबा बटण विसरत नाहीत

१२ सप्टेंबर, गुरुवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तू कसा आहेस? जेवणखाण वेळेवर होतं ना? दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून तुझी पाठ पुन्हा धरली नाही ना?

एक सांगते, हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच फोन कर. दोन ओळी वाचून मोबाइल उचलायचा आणि समोरच्याला बोलूच द्यायचं नाही, ही तुझी सवय मला पाठ आहे. म्हणून तर लिहायला बसले. एरवी शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलंय, सांग बरं.

विषय बाबांच्या गाण्याच्या सेटचा आहे. रविवारी तू फोनवर माझ्या डोक्याला किती ताप दिलास! 'अगं, ॲम्प्लिफायर आणि तो खालचा ढमढम डबा दिवसरात्र स्टँडबायवर आहेत. वीस-पंचवीस वॅट फुकट जळताहेत. कुणी ऐकत नाही तेव्हासुद्धा मीटर पळतंय.' तुझं अगदी बरोबर आहे. बिलात ते दिसेलच. गेल्या खेपेला तुम्हा बापलेकांची जुंपली होती, 'माझा सेट बंद असताना शून्य वीज खातो' म्हणून बाबा हटून बसले होते, आणि तू त्यांना खोटं पाडायला तो प्लग आणलास, ज्याचा आकडा तुझ्या मोबाइलवर दिसतो. पैज तूच हरलास म्हणा. गाणं संपलं की बाबा रिमोट दाबायचे आणि लगेच गुडघ्यावर हात टेकून वाकायचे, बोर्डाचं बटण खट्. 'रिमोटनं ते नुसतं डुलकी घेतं, बंद होत नाही,' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. पंपहाउसात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, रिकाम्या खोलीत दिवा दिसला तरी त्यांचं पित्त खवळतं.

म्हणूनच तू घाबरलास, हे मला कळतं. असा माणूस आठ-दहा दिवस बटण बंद करत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. तू मेंदूच्या डॉक्टरांची चौकशी केलीस, गॅसचं काय, दाराची कडी लावतात का, असं काय काय विचारत होतास. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मी नुसतं 'बघते, बघते' म्हणत फोन ठेवला. दुकानात त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली.

दादा, बाबांचं डोकं शाबूत आहे. तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. ते बटण मी विसरते. सेट मी लावते.

बाबा घरी नाहीत. ऑगस्ट संपता संपता ते जिन्यात बसलेले सापडले, भाजीची पिशवी मांडीवर, ओठ निळसर. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी मला दुकानात फोन केला. तेव्हापासून ते हॉस्पिटलमध्ये आहेत. हृदयाची एक झडप पार निकामी झालीय, छातीत पाणी साठलं होतं. ते उतरेपर्यंत डॉक्टर थांबले होते, आता उतरलंय. येत्या बुधवारी ऑपरेशन आहे.

झालं. लिहून झालं. वर 'इकडे सगळं ठीक' लिहिलंय ते खोडत नाही, हाताला वळणच तसं पडलंय.

आता तू म्हणशील, रोज संध्याकाळी बाबांशी बोलतो तो काय मूर्ख म्हणून? नाही रे. तुझी वेळ झाली की बाबा सलाइनची दांडी हातात धरून जिन्यापाशी जातात, तिथे गडबड कमी असते म्हणून. ट्रॉली खडखडली की 'वरचे लोक सामान हलवताहेत' म्हणून ठोकून देतात. मी बाजूला उभी राहून त्यांना धरते. फोन ठेवला की त्यांना धाप लागते आणि परत पलंगापर्यंत यायला दोनदा थांबावं लागतं.

पहिल्याच दिवशी तू विचारलंस, 'आज गाणं लावलं नाहीत? आकडा हललाच नाही.' त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. फोन ठेवल्या ठेवल्या मला फर्मान: 'सकाळ-संध्याकाळ घरी जायचं, सेट लावायचा, तासभर चालू ठेवायचा. त्याला कळता कामा नये.' मी भांडले. हातापाया पडले. तर म्हणाले, 'गेल्या वेळी माझ्या न्यूमोनियापायी तो पाळी अर्धवट टाकून धावत आला आणि नोकरी गेली. आठ महिने पोरगा घरात बसला होता. आता कुठे नवीन लागलीय, अजून पक्की नाही. पुन्हा माझ्या पायी नको.' आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शप्पथ घ्यायला लावली की फोनवर तुला एक अक्षर सांगणार नाही.

फोनवर. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

तर मी बाबांच्या घरी जाते. सकाळी दुकान उघडायच्या आधी आणि संध्याकाळी हॉस्पिटलला जाताना. रेकॉर्डच्या सुईला हात लावायची मला भीती वाटते, म्हणून सीडी लावते, कुठलीही, वरची असेल ती. त्यांच्या खुर्चीवर मी बसत नाही, स्वयंपाकघरात उभी राहते. परवा शिवणकामवाल्या काकू धावत वर आल्या, हातात कात्री तशीच. 'आले का गं बाबा? गाणं ऐकलं आणि वाटलं सुटले!' मी नाही म्हटलं तर त्या तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, 'जरा मोठं कर.' आम्ही दोघी ऐकत राहिलो, काय ऐकलं देव जाणे. दुकानाला उशीर झाला म्हणून रिमोट दाबला आणि पळाले. रोज हेच. वाकून बटण दाबायचं मला सुचतच नाही रे, कधी एकदा त्या घरातून बाहेर पडते असं होतं.

माझ्या या वेंधळेपणाचं तू काय केलंस ते ठाऊक आहे? परवा मंगळवारी तू थेट बाबांनाच विचारलंस. मी शेजारीच होते. तू मोठ्यानं बोलतोस, सगळं ऐकू आलं. 'बाबा, बटण रोज चालू राहतंय, तुम्हाला आठवत नाही का?' मला वाटलं आता उसळतील. आपल्या आठवणीत कुणी त्यांना 'दिवा चालू राहिला' म्हटलेलं नाही, म्हणायची टापच नव्हती. पण ते अगदी हळू म्हणाले, 'हो रे. वय झालं. विसरायला होतं हल्ली.' तू म्हणालास, 'आपण डॉक्टरांना दाखवू.' तर म्हणाले, 'दाखवू की.'

दादा, ते खोटं त्यांना फार जड गेलं. पलंगावर आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. मी माफी मागितली, तर म्हणे, 'गाढवे, बोर्डाला लाल बटण आहे, दिसत नाही का? चष्म्याच्या दुकानात काम करतेस ना?' आणि हसायला गेले तर खोकला आला.

तरीही मी गप्प राहिले असते. खरं सांगते, मी भित्री आहे, शप्पथ मोडायला घाबरते. पण काल मोठे डॉक्टर आले होते. आधी मला बाहेर बोलावून म्हणाले, 'ऑपरेशन करावंच लागेल, पण वय आहे, हृदय थकलेलं आहे. मी खात्री देत नाही. जवळची माणसं असतील त्यांना बोलावून घ्या.' मग आत येऊन त्यांनी बाबांना सहज विचारलं, 'काका, मुलं किती तुम्हाला?'

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'ही एकच.'

डॉक्टर मान हलवून निघून गेले. बाबा चादर सारखी करत बसले, माझ्याकडे पाहीनात. ज्यांनी तुझं पहिलं पगारपत्रक पंपहाउसभर फिरवून दाखवलं, ते बाबा म्हणतात, मला मुलगा नाही! तुला सुटी मागावी लागू नये म्हणून. मी बाहेर येऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

नोकरीचं काय करायचं ते तू बघ, मी काही सांगणार नाही, असं लिहिणार होते. शहाण्यासारखं. पण मला शहाणपण नको आहे आता. तू ये. साहेबांच्या पाया पड, रजा माग, नाही दिली तर तसाच ये. बुधवारी त्यांना आत नेतील तेव्हा त्या दारापाशी मला एकटीला उभं राहायचं नाही. जिवाला घोर लागलाय नुसता, घास उतरत नाही.

कुरिअरवाला म्हणाला, शनिवारी मिळेल. वाचलंस की फोन मला कर, त्यांना नाही. आणि आलास की सरळ वॉर्डात जा, खोटं कारण शोधत बसू नकोस. तुला बघितल्यावर आधी ते तुझ्यावर ओरडतील, नोकरीवरून. मग माझ्याकडे वळतील. शप्पथ मोडलीस म्हणतील, यापुढे तुझ्यावर विश्वास नाही म्हणतील, महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. ओरडू देत. महिनाभर अबोला धरू देत, वर्षभर धरू देत. तेवढे दिवस त्यांनी माझ्यावर रागावून राहावं, दादा, एवढंच मागणं आहे माझं.

वाट बघतेय.

तुझी शप्पथमोडी,
धाकटी