लाटणं गेलं, आकडा उतरला

बाबा,

बेकरीतून आलात की आधी हात धुवा आणि फ्रिजवरचा कागद बघा. गहू पोटात गेला की माझ्या रक्तात वाढतात त्या अँटिबॉडी मागच्या तपासणीत सत्तर होत्या, आता चार! दहाच्या आत म्हणजे नॉर्मल. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात गव्हाचा कण फिरकू देत नाही असं कोण आहे?" मी म्हटलं, "बाबा. बेकरीवाले." त्या हसतच सुटल्या.

मागच्या वेळी आकडा हलला नाही तेव्हा "बाहेर चोरून खातेस" म्हणालात. मी चार दिवस अबोला धरला. मग आत्याने लाटणं खिडकीतल्या उजेडात धरलं. माझी तांदळाच्या पिठाची बिस्किटं झकास व्हावीत म्हणून तुम्ही बेकरीतलं तुमचं लाडकं लाटणं घासूनपुसून घरी आणलंत, आणि त्याच्या चिरेत जुना मैदा ठाण मांडून बसला होता! तुम्ही ते तसंच उचलून भट्टीत घातलंत. तेव्हापासून माझ्या ताटाला हात लावत नाही, माझ्यापासून चार हात लांब बसता. जसं काही मैदा तुमच्या अंगातूनच निघतो.

आता पुरे झालं. ओट्यावर नवं लाटणं ठेवलंय, त्याला बेकरीचं तोंडही दाखवायचं नाही. मी सहाला कामावरून येते. बिस्किटं तुम्हीच लाटायची, आणि मी तुम्हाला खेटून उभी राहणार.

अंघोळ मात्र आधी!

तुमची,
चोरून न खाणारी लेक