लोकांसाठी हर्निया

६ फेब्रुवारी
घरी आलो. दोन्ही जांघांत पट्ट्या. तिथूनच तार आत घालून वर हृदयापर्यंत नेली आणि जिथून भलते ठोके सुटत होते ती जागा डागली. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून उताणा. आयुष्यात एवढा वेळ गप्प पडलो नव्हतो.
पण छाती शांत. दीड वर्ष आत कोणीतरी पत्र्यावर गोट्या ओतत होतं. आज पंख्याचा आवाज ऐकू आला. बरं वाटलं. रडलो थोडा, आई पाणी आणायला गेली तेवढ्यात.
डॉक्टर बोलले, तीन महिने अधूनमधून धडधड होईल, बाद धरायची, पण तारीख-वेळ लिहून ठेव. म्हणून ही वही. धडधडीला नुसतं ध. लिहिणार.
रक्त पातळ करायची गोळी सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही, गुठळी मेंदूत जाऊ शकते. तीनदा बजावलं.

७ फेब्रुवारी
ध. नाही.
शेजारच्या काकू आल्या. आईने दारातच सांगून टाकलं, "हर्नियाचं ऑपरेशन झालं." मी आतून ऐकतोय. पट्ट्या जांघेतच, त्यामुळे कोणाला शंका पण नाही.
काकू गेल्यावर भडकलो. आई बोलली, "मना नको शिकवू. हार्ट म्हटलं का कोण पोरगी देल तुला? बावीस वर्षांचा आहेस. कॉलेज सोडलं ते पण लोकांना सांगून झालंय."
सेकंड इयरला क्लार्कची कॉलर धरून घरी आलेला मीच.

९ फेब्रुवारी
बारवीकडून मामा आला. येताना हर्नियाचा पट्टा घेऊन. त्याचा स्वतःचा, जुना. "माझा बरा झाला, आता तू वापर, भाच्या." आईने डोळे वटारले म्हणून बांधला. मामा असेपर्यंत दोन तास बांधून बसलो. मामा खूश. "बघ, आधार वाटतो का नाय?"
मामा वळला तसा पट्टा भिंतीवर भिरकावला. मग हसायलाच यायला लागलं. खोल श्वास घेतला की छातीत दुखतं अजून, त्यामुळे हसणं पण अर्धंच.

१२ फेब्रुवारी
दीपालीचा मेसेज. 'हर्निया झाला ऐकलं. जड काय उचललंस?'
मी लिहिलं, 'वर्कशॉपवर जीन्सचे गठ्ठे.'
पाठवून टाकलं आणि मग वाटलं, कशाला. आई लोकांशी खोटं बोलते म्हणून चिडणारा मी.
पण तिला काय सांगू? वर्षभर तिच्या मेडिकलमध्ये जाऊन कापूस, खोकल्याच्या गोळ्या, नको ते सगळं घेतलं. जानेवारीत विचारलं एकदाचं. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिच्याशी उर्मट बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी काउंटरवरच धरला होता. म्हणाली, "आधी तुझा राग कमी कर, मग बघू." आता त्यात वर सांगायचं, हृदयपण बिघडलेलं आहे?

१८ फेब्रुवारी
ध. सकाळी १०.१० ते १०.५०. जुनीच. गोट्या. वाटलं गेलं सगळं वाया. हॉस्पिटलला फोन, त्यांनी बोलावून ईसीजी काढला. तोवर आपोआप बसली. डॉक्टर हसत बोलले, "डागलेल्या जागेला सूज असते. तुझं हृदयच तुझ्यासारखं, लगेच शांत होत नाही."
आईने हे दहा जणांना सांगितलं असतं, पण हर्नियात बसत नाही.

२६ फेब्रुवारी
परत कामावर, कॅम्प ३ च्या जीन्सच्या वर्कशॉपला. शेठना खरं माहीत आहे, सुट्टीसाठी सांगावंच लागलं. कटिंगच्या मशीनजवळ जाऊ देत नाहीत. "ब्लेड लगा तो खून रुकेगा नहीं, बेटा. तू चेकिंग में बैठ." तर बसून जीन्सचे सुटलेले धागे बघतो. बायका बसतात त्या लाइनीत. दोन महिन्यांपूर्वी यावरून भांडलो असतो.
गोळ्या इकडूनच घेतो, वर्कशॉपच्या खालच्या दुकानातून. घराजवळ बदलापुरात घेतल्या तर दीपालीला कळायचं.

११ मार्च
ध. नाही, सलग एकवीस दिवस.
अंबरनाथला शेअर रिक्षा. पाठी तीन भरलेले, रिक्षावाला चौथा कोंबतो. मी बोललो. तो बोलला. हात उठलाच होता. मग आठवलं, एक ठोसा खाल्ला तर आतल्या आत रक्त. उतरलो आणि चालायला लागलो. तो मागून, "क्या हुआ हीरो?" काही नाही झालं. खरंच काही नाही झालं, ध. पण नाही.

२० मार्च
गाढव आहे मी.
काल पाडवा, श्रीखंडाच्या नादात पाकिटात शेवटची गोळी राहिली हे बघून पण विसरलो. ती रात्री घेतली. आज वर्कशॉपला चेटीचंडची, सिंधी नववर्षाची, सुट्टी हे माहीत होतं. सुट्टी म्हणजे अख्खा कॅम्प बंद, खालचं मेडिकलपण, हे डोक्यातच आलं नाही. तिकडे जाऊन शटर बघितलं. परत बदलापूर. दोन दुकानं फिरलो, "ती ठेवत नाही, उद्या मागवून देतो." सकाळच्या गोळीला उशीर होत चाललेला. राहिलं एकच मेडिकल, दीपालीचं.
दी. ने चिठ्ठी वाचली. एकदा, मग परत.
"हर्नियाला ही गोळी देतात, हे मला नवीन आहे."
मी पैसे काउंटरवर ठेवले.
"आजची घेतलीस?" नाही. तिने पाकीट फाडलं, गोळी हातावर ठेवली, स्वतःची बाटली दिली. "इथेच घे. माझ्यासमोर."
घेतली. मग सांगितलं सगळं, काउंटरवरच.
बोलली, "त्या माणसाला धरलास तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. मी घरी जाऊन रडले. तुला वाटलं रागावले."
मी बोललो, सॉरी.
"खोटं बोललास ते राहिलंच. त्याचं नंतर बघते."

२५ मार्च
तिचा मेसेज नाही. माझे चार गेले.
आईला सांगितलं, दीपालीला कळलंय. आईने कपाळावर हात मारला. "मेडिकलवाली! आता अख्ख्या गावात."

२ एप्रिल
आई बी.पी.च्या गोळ्या आणायला तिच्याकडे गेली, मुद्दाम, अंदाज घ्यायला. खुशीत परत. "तिला काय पण कळलेलं नाय रे. समोरून विचारते, 'मावशी, त्याचा हर्निया कसा आहे?' चांगली पोर आहे हां."
मी मोरीत जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसलो. पूर्ण हसलो. छातीत कुठेच दुखलं नाही.
दी. ला लिहिलं, 'हर्निया बरा आहे.' उत्तर आलं, 'गोळी?' घेतली, लिहिलं. तेवढंच. आता रोज दोनदा विचारते. तेवढंच.

२८ एप्रिल
ध. नाही. दोन महिने होऊन गेले.
मामा पट्टा परत मागतोय, गावात कोणाला तरी हवा आहे. दिला. वाईट वाटलं जरासं.

७ मे
तीन महिने. आज छातीला स्टिकर, वायरी, गळ्यात डबी. चोवीस तास ठोके टिपणार. सोबत एक कागद: काही जाणवलं तर वेळ आणि त्या वेळी काय करत होता ते लिहा. रिपोर्टवरून ठरणार, डागलेलं टिकलं की परत टेबलावर.
बारवी रोडवरून करवंदं घेतली, द्रोण घेऊन मेडिकलला गेलो. दी. ने शर्टाच्या आतल्या वायरी बघितल्या.
"आजच का? मी तर उद्यापर्यंत दिवस मोजत होते."
ती मोजत होती.
"रिपोर्ट कसाही येऊ दे, पहिला मला दाखवायचा. आणि खरा."
मी बोललो, "आणि जानेवारीत विचारलेलं?"
तेवढ्यात एक आजोबा आले, डोळ्यांचे ड्रॉप मागत. ती वळली. ड्रॉप शोधायला एवढा वेळ लागत नाही. तिच्या तोंडात करवंद.
कागद काढला आणि तिथेच लिहिलं: ११.२०. ध. जोरात. पण एकामागून एक, सरळ रेषेत. जुनी नव्हे.
काय करत होता: उभा होतो. वाट बघत.