कानामागचा डाग

प्रिय धाकल्या,

आधी काळजीचं सांगून टाकते. पोरगा बरा आहे. कपाळावर टेंगूळ आलंय, पण लागल्यालागल्या रडला, शुद्ध गेली नाही, उलटी नाही. बॅटरी मारली तर दोन्ही बाहुल्या सारख्याच आक्रसतात. माझी नर्सची टोपी वाकडी झाल्याचं त्यानंच मला सांगितलं. मेंदूचा फोटो काढायची गरज नाही, नुसतं लक्ष ठेवू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

आईबापांना मी रोज हेच समजावते. डोक्याला लागलं म्हणून मुलाला जागवत बसू नका, झोपू द्या, मधेमधे उठवून बघा; सारख्या उलट्या झाल्या किंवा उठवूनही नीट जागं होईना, तर तडक परत आणा. मुलं पडायचीच. कपाळ, हनुवटी, गुडघे फुटायचेच. कानामागे मात्र पडून सहसा लागत नाही. त्याचे केस बाजूला केले तर तिथे पिवळट पडलेला जुना डाग होता आणि कानाच्या पाळीवर बोटांचे वळ.

आपल्या घरात मार कुणीच खात नसे, सगळे पडायचे. तू जिन्यावरून पडायचास, आई न्हाणीघरात. तुमची फरशी फार गुळगुळीत बाई, असं शेजारीण म्हणायची आणि आपण हसायचो, कारण हसण्यावारी नेलं की बाबा शांत राहायचे. तुझ्या लेकाला मी अजून काही विचारलंही नव्हतं, तर तो आपणहून म्हणाला, पडलो. आणि दाराकडे बघितलं, तू ऐकतोयस का ते.

तू बाहेर बाकावर त्याला सोडायची वाट बघतोयस. समोर आले असते तर ताई म्हणून हात धरला असतास आणि मी विरघळले असते, म्हणून ही चिठ्ठी आयाबाईंच्या हाती पाठवतेय. त्याची आई गेल्यापासून तू एकटा किती ओढतोस, ते मला दिसतं. तरी डाग मी डॉक्टरबाईंना दाखवला. मुलांच्या संरक्षणाचं बघणारी माणसं निघाली आहेत. तो आज तुझ्याबरोबर घरी येणार नाही. माझ्याकडेही देणार नाहीत, कारण तू दार वाजवलंस की मी उघडीन, हे मीच त्यांना सांगितलंय. ते नेतील तिथे त्याला कुणी माया लावेल की नाही, मला ठाऊक नाही. तू सुधारशील अशी आशाही नाही, बाबा कुठे सुधारले. फक्त तुझ्या वेळी असं कुणीच केलं नव्हतं रे.

तू तोंड फिरवलंस तरी तुझीच,
ताई